कोकिळेला आळशी म्हणण्याआधी

वैशाखात अकोल्यात पहाटे चारला दोनच आवाज जागे असतात. एक खिडकीतल्या कूलरचा आणि दुसरा अंगणातल्या कडुनिंबावरच्या कोकिळाचा. तिकडे अमरावतीत कॅम्पातल्या जुन्या झाडांवर आणि वडाळी तलावाच्या काठानंही हीच तान सुरू असते. खालून उठते, दर खेपेला एक पायरी वर चढते, शिगेला पोचली की तुटते आणि पुन्हा खालून सुरू होते. दुपारी पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की बाकीची पाखरं चोच वासून सावलीत बसतात, पण याचं गाणं थांबत नाही.

हे गाणं ऐकताना एक कोडं सहसा आपल्या डोक्यात येत नाही. हा गवई कावळ्याच्या घरट्यात जन्मला. डोळे उघडल्यावर त्यानं पहिल्यांदा पाहिली ती कावळी, पहिला घास तिच्या चोचीतला आणि कानावर दिवसभर पडलं ते 'काव काव'. मग हा 'कुहू' शिकला कुणाकडून? कावळ्यासारख्या बेरकी पक्ष्याला इतकी साधी फसवणूक कळत कशी नाही? आणि मुळात या कोकिळेला स्वतःचं घरटं बांधायला झालंय काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वऱ्हाडात तयार असतं. "आळशी हाये बाप्पा ते! पोट्टे दुसऱ्याच्या घरी टाकते अन् सोता गाणे म्हणत फिरते." खेड्यातच नव्हे, शिकल्यासवरल्या घरांतही कोकिळेवरचा हा ठपका कायम आहे. त्यातली निम्मी कलमं चुकीच्या पक्ष्यावर लागली आहेत आणि उरलेल्यांना आळस हे कारण पुरत नाही, असं माझं मत आहे.

गातो तो, बोल लागतो तिला

आधी ओळख करून घेऊ. गाणारा असतो नर, म्हणजे कोकीळ. तकतकीत काळा, लालभडक डोळ्यांचा, फिकट हिरवट चोचीचा. मादी म्हणजे कोकिळा. ती काळी नसतेच. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, शेपटीवर आडवे पट्टे. तिचा आवाजही गोड नाही. घाईघाईत 'किक् किक् किक्' असं ओरडत ती एका झाडातून दुसऱ्या झाडात घुसते. अनेकांनी तिला अंगणात शंभरदा पाहिलेलं असतं, पण ती कोकिळा आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

गंमत अशी की गाण्याचं सगळं कौतुक आपण तिला देतो, जी गात नाही. आणि पिल्लं टाकून देण्याचा दोषही तिच्याच माथी मारतो. नरही त्या कारस्थानात कधीकधी भागीदार असतो, पण तो गाण्याच्या पुण्याईवर सुटतो.

हिवाळ्यात कोकीळ गायब होतात, ते कुठे दूर देशी जातात, असाही एक समज आहे. वऱ्हाडातले कोकीळ बाराही महिने इथेच असतात. विणीचा काळ नसला की नर गप्प बसतो. दाट पानांत राहणारा पक्षी गप्प बसला की आपल्या लेखी तो नाहीसाच होतो.

घरट्यावर दोघांची नजर

एप्रिलपासून कावळे काटक्या जमवू लागतात. शहरातले कावळे त्यात तारेचे तुकडेही गुंफतात. या घरट्याकडे वऱ्हाडात दोघं टक लावून असतात. एक शेतकरी. कावळ्यानं आंब्यावर किंवा करंजावर घर केलं तर पाऊस बरा, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर यंदा कठीण, असे आडाखे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मेळघाटात वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी हे लोकज्ञान आवडीनं नोंदवलं. दुसरी कोकिळा. तिला पावसाशी देणंघेणं नाही. कावळीनं पहिलं अंडं कधी घातलं, एवढंच तिला हवं असतं.

वेळ चुकून चालत नाही. रिकाम्या घरट्यात अंडं दिसलं तर कावळ्याला संशय यायचा. फार उशिरा घातलं तर आपलं पिल्लू मागे पडायचं. म्हणून कोकिळा दिवसच्या दिवस पानांआड बसून टेहळणी करते, एकाच नव्हे तर आसपासच्या अनेक घरट्यांवर. संधी साधली की कधीकधी नर उघड्यावर येऊन ओरडू लागतो. कावळ्यांना कोकिळाचा भारी राग. ते त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात शिरून काम उरकते. कधी ती जाताना कावळीचं एखादं अंडंही काढून टाकते. बऱ्याचदा मात्र नर मदतीला नसतो आणि ती एकटीच हा धोका पत्करते. पकडली गेली तर कावळ्यांच्या चोची साध्या नसतात.

अमेरिकेत काऊबर्ड नावाचा असाच परक्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी आहे. त्याच्या मेंदूचा अभ्यास झाला तेव्हा जागा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग नरापेक्षा मादीत मोठा आढळला. कोणतं घरटं कुठे आणि ते कोणत्या टप्प्यावर आहे, हा हिशेब तिलाच ठेवावा लागतो. आळशाचा धंदा एवढा डोकेदुखीचा नसतो.

शर्यत अंड्यातच सुरू होते

कावळीचं अंडं निळसर हिरवं, त्यावर तपकिरी ठिपके. कोकिळेचं अंडं जराशा लहान आकाराचं, पण रंग आणि ठिपके तसेच. खरा डाव रंगापेक्षा दिवसांचा आहे. कावळीचं अंडं उबायला सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेचं बारा ते चौदा दिवसांतच फुटतं. त्यामुळे थोडं उशिरा आलेलं अंडंही आधी फुटू शकतं.

हे कसं साधतं? याचा एक धागा युरोपातल्या कक्कूमध्ये सापडला. तोही कोकिळाच्याच कुळातला. बहुतेक पक्ष्यांत अंडं तयार झालं की मादी ते लगेच घालते. कक्कूची मादी मात्र ते आणखी सुमारे एक दिवस पोटातच ठेवते. तिच्या अंगाची ऊब घरट्यातल्या उबेपेक्षा जास्त असल्यानं आतला जीव तेवढ्यात वाढू लागतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ही गोष्ट तपासून दाखवली. म्हणजे अंडं घरट्यात पडतं तेव्हा त्याची वाढ आधीच सुरू झालेली असते.

आधी बाहेर आलेलं पिल्लू आधी चोच उघडतं. त्याचा आवाज सुरुवातीला कावळ्याच्या पिल्लासारखाच असतो, रंगही काळपट. आईबापांची रीत सरळ असते. जो जास्त ओरडतो, जास्त वर मान करतो, त्याला आधी घास. तीन-चार आठवड्यांत हे पोर घरटं सोडतं आणि त्यानंतरही काही आठवडे कावळा त्याला भरवत राहतो.

मग कावळा मूर्ख आहे का?

मुळीच नाही. माणसांचे चेहरे लक्षात ठेवणारा, खाऊ लपवून पुन्हा नेमका शोधणारा हा पक्षी आहे. तरी तो परकं अंडं बाहेर का फेकत नाही, याचं उत्तर तुरीची डाळ निवडणाऱ्या आजीला विचारावं. खडा काळा असेल तर ती तो चटकन काढते. पण खडा डाळीच्याच रंगाचा असेल, उजेड कमी असेल आणि हात घाईत असेल, तर खड्याबरोबर डाळही फेकली जाते. एखादा खडा राहिला तर दाताखाली येईल, पण ओंजळभर डाळ गेली तर नुकसान मोठं. कावळीचा हिशेब तोच आहे. अंडी इतकी सारखी दिसत असताना संशयानं अंडं फेकायचं ठरवलं, तर आपलंच अंडं फेकलं जाण्याचा धोका फार. परकं अंडं चुकून पोसण्यापेक्षा स्वतःचं चुकून फोडणं महाग पडतं.

कोकिळांची अंडी यजमानाच्या अंड्यांशी किती जुळतात, हे बांगलादेशात बारकाईनं पाहिलं गेलं आहे. तिथले कोकीळ कावळ्याखेरीज साळुंकी आणि खाटीक पक्ष्याच्या घरट्यांतही अंडी घालतात. यजमान जितका चोखंदळ, तितकी नक्कल चांगली व्हावी लागते. यजमानाची नजर तीक्ष्ण झाली की कोकिळेचं अंडं आणखी बेमालूम होतं. अशी ही चढाओढ हजारो पिढ्या चालते. आपल्याला दिसतो तो तिचा फक्त आजचा क्षण.

चौकट: अंगणात ओळखायचं कसं?
काळा, लाल डोळ्यांचा, लांब शेपटीचा आणि वडा-पिंपळाच्या फळांवर दिसणारा, तो कोकीळ. ठिपकेदार तपकिरी, 'किक् किक्' करत उडणारी ती कोकिळा. मान आणि छाती राखाडी, चोच जाड, तो आपला घरकावळा. सगळाच काळा आणि आवाज जाड, तो डोमकावळा. जूनमध्ये कावळा एखाद्या विचित्र, ठिपकेदार किंवा काळपट पिल्लाला भरवताना दिसला तर समजा, आत कोकीळ आहे. मातकट अंगाचे, टोळीनं कलकलाट करत जमीन उकरणारे ते सातभाई. त्यांच्या घरट्यांतही पाहुणे येतात, पण दुसरे.

ढकलाढकलीचं पाप कुणाचं?

"कोकिळेचं पिल्लू कावळ्याची पिल्लं खाली ढकलून देतं," हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. ही गोष्ट खरी आहे, पण ती युरोपातल्या कक्कूची. देवीच्या रोगावर लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरनं १७८८ मध्ये तिचं वर्णन लिहिलं. नुकतं जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं कक्कूचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. वाचणाऱ्यांना ते पटेना. पुढे छायाचित्रं आली आणि जेन्नर बरोबर ठरला.

आपल्या कोकिळाचं पिल्लू सहसा असं करत नाही. कावळ्याचं अंडं मोठं असतं, घरटं खोल असतं आणि ते लोटणं या पिल्लाच्या आवाक्याबाहेरचं असतं. म्हणून कावळ्याच्या एकाच घरट्यात काव काव करणारी पोरं आणि कोकीळ शेजारी शेजारी वाढताना दिसतात. कावळ्याचं नुकसान होतंच, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखादं अंडं आधीच गेलेलं असतं, उरलेल्यांच्या वाट्याचा घास कमी होतो, धाकटं पिल्लू उपाशी मरतं. पण सगळं घर उजाडणारा तो हा नव्हे. परदेशी पुस्तकातला गुन्हा आपण घरच्या पाखराच्या नावावर लिहून ठेवला आहे.

स्पेनमध्ये तर याहून चमत्कारिक गोष्ट सापडली. तिथला एक ठिपकेदार कक्कू कावळ्याच्याच एका जातीच्या घरट्यात अंडी घालतो. त्याच्या पिल्लाला हात लावला की ते घाणेरड्या वासाचा द्रव सोडतं. मांजरासारखे शिकारी त्या वासानं दूर राहतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जिथे शिकाऱ्यांचा त्रास जास्त, तिथे पाहुणा असलेली घरटी यशस्वी होण्याची शक्यता वाढते. आपला कोकीळ असं करतो असा दावा मी करत नाही. पण परजीवी म्हणजे सर्वकाळ शत्रू, हे गणित निसर्गात नेहमी जुळत नाही एवढं यातून कळतं.

'कुहू' शिकवतं कोण?

आता पहिलं कोडं. बुलबुल, दयाळ यांसारखे गाणारे पक्षी गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात. लहानपणी एकटे ठेवले तर त्यांचं गाणं अर्धवट राहतं. कोकिळाच्या कुळाचं तसं नाही. त्यांचा आवाज जन्मजात असतो. चोच कशी उघडायची, श्वास किती सोडायचा, स्वर किती चढवायचा, याचा सगळा नकाशा अंड्यात येतानाच मिळालेला असतो. कावळ्याची काव काव त्याच्या कानावर पडते, पण गळ्यात उतरत नाही. लहानपणीचं 'काव'सारखं ओरडणं हे घास मिळेपर्यंतचं सोंग. घरटं सुटलं, वय आलं की आतला सूर वर येतो.

जोडीदार शोधतानाही तसंच. कावळ्यांत वाढूनही कोकीळ कावळीच्या मागे लागत नाही. शिकून यायची गोष्ट असती तर ही सगळी व्यवस्था एका पिढीत कोसळली असती.

घरटं का नाही?

जगात पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या जेमतेम शंभरेक जातींना हा मार्ग सापडला, म्हणजे शंभरात एक. कोकिळाच्या कुळात सुमारे दीडशे जाती, आणि त्यांतल्याही साधारण चाळीस टक्केच घरटं बांधत नाहीत. उरलेल्या चोख संसार करतात. आपल्या अंगणातला भारद्वाज याच कुळातला. विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, दर्शन झालं की आपण शुभ मानतो तो. तो घरटं बांधतो, अंडी उबवतो, पिल्लं वाढवतो. म्हणजे कुळ वाईट नाही आणि घरटं बांधणं या घराण्याला येत नाही असंही नाही. अभ्यासकांच्या मते या कुळात घरटं सोडण्याचा मार्ग तीन वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे रुळला.

त्याचा फायदा उघड आहे. मे महिन्यात वऱ्हाडात वळवाचं वादळ येतं तेव्हा निंबाच्या फांद्या कडाकडा मोडतात. जिचं एकच घरटं, तिचा हंगाम तिथेच संपतो. कोकिळेची अंडी मात्र चार झाडांवर, चार घरांत वाटलेली असतात. शिवाय मोठा कोकीळ प्रामुख्यानं फळं खातो. वाढत्या पिल्लाला किडे, मांस असं बळकट अन्न लागतं आणि ते कावळा आणतो. हा पाळणाघराचा शोध कोणी ठरवून लावला नाही. ज्या माद्यांची अंडी चुकून दुसऱ्याच्या घरट्यात पडली आणि जगली, त्यांची लेकरं वाढत गेली, एवढंच.

पावसाआधी 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणणारा पावशाही असाच. मिरगाच्या तोंडावर ज्याच्या हाकेकडे कास्तकाराचे कान असतात, त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात असतात. आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा चातकही सातभाईंच्याच भरवशावर. पावशा दिसायला शिक्र्यासारखा आहे. शिकारी पक्ष्यासारखं रूप असलं की लहान पाखरं दचकून बाजूला होतात, असं युरोपात कक्कूवर झालेल्या प्रयोगांत दिसलं. पावशाला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. तो पेरणीची वर्दी देतो ना! कोकिळेचं दुर्दैव एवढंच की तिचं घर फोडणं आपल्या डोळ्यांसमोर, अंगणातल्या निंबावर चालतं.

चंदन पेरणारं पाखरू

कोकिळाची चोच मोठी उघडते. इतर लहान पक्ष्यांना न गिळता येणारी मोठी फळंही तो सबंध गिळतो. वड, पिंपळ, उंबर तर त्याचे रोजचे. पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचं फळ माणसाला आणि गुराढोरांना विषारी. कोकीळ ते बिनधास्त खातो. पण त्याचं मोठं काम चंदनाचं. चंदनाची जांभळट काळी फळं त्याला आवडतात. गर पचवून तो बी टाकून देतो, कधी झाडाखालीच, कधी दूर कुठल्या कुंपणावर. विदर्भात बांधावर, बंगल्याच्या आवारात कुणी न लावता चंदनाचं रोप उगवतं, त्यामागे बहुधा अशा फळखाऊ पाखरांचा हात असतो.

यातली खरी मौज पुढे आहे. चंदन स्वतः अर्धं परजीवी झाड आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी, क्षार ओढतात. दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेलं पाखरू दुसऱ्याच्या मुळांवर जगणारं झाड पेरतं आणि त्या झाडाचं खोड उगाळून आपण देवाला गंध लावतो.

आणि कावळ्याचं?

कोकीळ हवा तर कावळा हवाच. पितृपक्षात आणि दहाव्याला आपण त्याची आर्जवं करतो, एरवी दगड उचलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर त्याला उंदीर-घुशींच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेचा पूर्व किनारा आहे. आपला घरकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला पोचला आणि पुढे फोफावत गेला. तिथे त्याच्या घरट्यात शिरणारा आपला कोकीळ नाही. केनिया सरकारनं २०२४ अखेरपर्यंत दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं, इतका तो तिथे डोईजड झाला. एकट्या कोकिळामुळे आपल्याकडचे कावळे आटोक्यात आहेत असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्याचाही थोडा हातभार आहे, इतकं म्हणता येतं.

आता कामाचं. पावसाळ्यापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या छाटायची गडबड मे-जूनमध्येच असते आणि कावळ्याची घरटी तेव्हाच भरलेली असतात. फांदी तोडण्याआधी वर एकदा पाहा. घरटं असेल आणि ती छाटणी थांबू शकत असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. वादळात एखादं काळपट, ठिपकेदार पिल्लू अंगणात पडलं तर त्याला घरात नेऊन दूध-पोळी भरवू नका. मांजराच्या आवाक्याबाहेर, जवळच्याच फांदीवर ठेवा आणि दूर सरा. कावळे तुमच्या डोक्यावर झेपा घेतील, त्याचा राग मानू नका. ते त्या पोराला भरवायलाच आले आहेत.